प्रत्येक पाण्याचं पंचांग वेगळं



या वेळचं पान नातवंडांसाठी आहे. पण ज्या मुलांना मराठी बोलता येतं आणि वाचता येत नाही, त्यांना आजी-आजोबांनी ते मोठ्याने वाचून दाखवावं. त्या निमित्ताने दोघं अर्धा तास एका जागी बसतील. हल्ली तेवढंही मिळत नाही.

झालं असं. आमचा नातू बारा वर्षांचा आहे. अश्दोदच्या मरीनाजवळच्या दगडांवर बसून बोरी पकडण्यात तो पटाईत झाला आहे. बोरी म्हणजे आपली कोकणातली बोय. एक दिवस जेवताना म्हणाला, "सावता, सुटीत आम्ही हायार्देनवर मासे पकडायला जाणार. मित्राचे बाबा नेणार आहेत." हायार्देन, म्हणजे यार्देन नदी. आम्ही तोंडातला घास गिळायच्या आत म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "का? समुद्रावर जाऊ देतेस. नदी तर समुद्रापेक्षा छोटीच असते ना!"

या "छोटीच असते ना" ला आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. उठून भांडी घासायला लागलो. मुलगी मागून म्हणाली, "आई, तू चाळीस वर्षं वॉर्डात काढलीस, कशाला घाबरत नाहीस, आणि याला एवढं घाबरतेस?" तेव्हा कधी नव्हे ती एक जुनी गोष्ट त्या दोघांना सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

आमचं लहानपण रेवदंड्याचं. कुंडलिका नदी तिथे खाडी होऊन समुद्राला मिळते. आमच्या आळीतल्या पोरांना ते पाणी तोंडपाठ होतं. भरती कधी, ते घड्याळात बघायला नको. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अवसेला सव्वाअकरा. घरात हिब्रू पंचांग सणांसाठी आणि हे मराठी पंचांग मासळीसाठी, अशी दोन्ही भिंतीवर शेजारी-शेजारी टांगलेली असत.

१९६१ च्या मे महिन्यात आम्ही रोह्याकडे मावशीकडे सुटीला गेलो. थोरला मावसभाऊ चौदा वर्षांचा, आम्ही नऊ-दहाचे. तो म्हणाला, "चल, वर कोलाडच्या बाजूला गरवायला जाऊ. तीच आपली कुंडलिका." गांडुळं नारळाच्या करवंटीत घेतली, तंगूस आणि गरी घेतली आणि निघालो. नदी उन्हाळ्याची, मधे मोठाले काळे खडक उघडे पडलेले, पाणी गुडघाभर. आभाळात ढगाचा ठिपका नाही. भाऊ खडकांवरून उड्या मारत मधोमध जाऊन बसला. आम्ही काठावर करवंटी सांभाळत.

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज बदलला. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही, आता आठवतं. आधी बारीक खळखळ होती, ती जाऊन जड आवाज आला. मग पाणी गढूळ झालं, काटक्या आणि पानं वाहत आली. भावाने तिथी मोजली असणार, कारण तो ओरडला, "भरतीची वेळ नाही अजून!" पण ही भरती नव्हतीच. वर डोंगरात विजेचं केंद्र होतं. तिथे वीज काढून झाली की पाणी नदीत सुटतं, आणि मे महिन्याच्या उन्हात नदी चढते. रोह्याच्या माणसांना हे ठाऊक होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. तो बसला होता तो खडक बुडाला, पाणी त्याच्या छातीला लागलं.

त्याला वाचवलं ते एका कातकरी बाईने. ती पलीकडे लाकडं गोळा करत होती. ती पाण्यात उतरली नाही. एक लांब बांबू घेऊन खालच्या अंगाला धावली, पोटावर आडवी पडली आणि बांबू पुढे केला. भावाने तो धरला. त्याचा पाय दोन खडकांत सापडून घोट्याला मोडला होता, पण जीव वाचला. आम्ही दोघं रडत होतो. ती बाई म्हणाली, "पोरांनो, पाणी कुठनं येतंय ते इचारल्याबिगर पाण्यात शिरलाव व्हय?" तिचं नावही आम्ही विचारलं नाही. ते आजवर मनाला लागून आहे. भाऊ पुढे आयुष्यभर जरा लंगडत चालला, आणि पुन्हा कधी गळ हातात धरला नाही.

नातू सगळं गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे सावता, तुम्ही मासे पकडायला गेलात ही चूक नव्हती. विचारलं नाहीत ही चूक होती." बारा वर्षांच्या पोराने बरोबर तिथेच बोट ठेवलं. तेव्हा आम्ही 'नाही' मागे घेतलं आणि त्याला अट घातली. आधी एकदा गळ न घेता जाऊन नदी बघायची. प्रश्न लिहून न्यायचे. उत्तरं मिळाली की मग गळ.

आता बघा, एकाच माणसाच्या आयुष्यात पाण्याची किती पंचांगं होतात. रेवदंड्याचं पाणी चंद्रावर चालतं. तीच नदी कोलाडला विजेच्या केंद्रावर चालते. अश्दोदच्या समुद्राला भरती-ओहोटी आहे, पण ती वीत-दीड वीत, तिथे बघायचं ते वारा आणि लाटा. यार्देन नदी हेर्मोन पर्वतावर चालते. हेर्मोनच्या पायथ्याशी दान, बानियास म्हणजे हेर्मोन नदी, आणि हत्सबानी म्हणजे स्नीर, असे तीन प्रवाह निघतात आणि किबुत्स स्दे नेहेम्याजवळ एकत्र येतात. हिवाळ्यात पाऊस आणि वसंतात वितळलेलं बर्फ, म्हणून तेव्हा नदी भरलेली आणि जोरात. उन्हाळ्याच्या शेवटी ती उतरलेली असते. म्हणून मुलांना न्यायचं तर उन्हाळ्यात, आणि वर डोंगरात पाऊस सांगितला असेल तर मुळीच नाही. पाऊस आपल्या डोक्यावर पडायला हवाच असं नाही.

नदी सगळीकडे सारखी नसते, हेही नातवाने नकाशा काढून शोधलं. हुला खोऱ्यात ती सपाट आणि संथ. तिथे पूर्वी तळं आणि दलदल होती. १९५१ ते १९५८ मध्ये ते पाणी काढून जमीन सुकवली, आणि १९९४ मध्ये थोडा भाग पुन्हा पाण्याखाली आणला. आमच्याकडे भारतातून आणलेला शाळेचा जुना ॲटलास आहे, त्यात हुलाचं मोठं तळं अजून निळं आहे! तेव्हा जुन्या नकाशावर भरवसा ठेवू नये. पुढे ब्नोत याकोव पुलापासून किनेरेतपर्यंत ती डोंगरातली यार्देन होते. पंधरा-सोळा किलोमीटरांत पाणी अडीचशे मीटरहून जास्त खाली उतरतं. तिथे फेस, खडक आणि वेग. ती जागा मुलांच्या गळाची नव्हे. किनेरेतच्या अगदी वर, अरिक पुलाच्या आसपास ती पुन्हा सपाटीला येते. किनेरेतच्या खाली देगान्याचं धरण आहे. दरवाजे उघडतील तसं खालचं पाणी बदलतं, म्हणजे आमच्या कोलाडसारखंच. आम्ही अरिक पुलाकडचा भाग ठरवला.

निघायच्या आधी मुलगी आणि नातू फोनवर बसले. मासेमारी खात्याला विचारलं, कुठे चालतं, कुठे बंदी आहे. वसंतात मासे अंडी घालतात तेव्हा किनेरेतच्या काही भागांत बंदी असते. 'शमुरात तेवा', म्हणजे राखीव निसर्गक्षेत्र, तिथे गळ टाकू नये. नियम बदलत असतात, म्हणून दर वेळी नव्याने विचारावं. उत्तरेकडे जायचं म्हणून पिकुद हाओरेफच्या सूचनाही बघितल्या. आणि एक गोष्ट मुलांकडून पाठ करून घेतली: गोलानच्या बाजूला तारेच्या कुंपणावर पिवळी पाटी आणि लाल त्रिकोण दिसला की तिथे जमिनीत सुरुंग आहेत. कुंपण मोडलेलं असलं तरी आत पाऊल नाही. मासा, चेंडू, टोपी, काहीही आत गेलं तरी गेलं. पुराच्या पाण्याने सुरुंग जागा सोडून वाहत येऊ शकतात, म्हणून पायवाट सोडून काठाने भटकायचं नाही.

मग एका रविवारी आम्ही गेलो. पाच माणसं, एक गाडी, पोहे, उकडलेली अंडी, पाण्याच्या बारा बाटल्या. गळ एकही नाही. नातवाचं तोंड जरा वाकडंच होतं.

तिथे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मोरोक्कोहून लहानपणी आलेले. नातवाने वही काढून विचारलं, "सबा, इथलं पाणी कसं आहे?" आम्हाला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. उठले, नातवाला एका झाडाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "वर बघ." फांद्यांमध्ये वाळलेलं गवत, काटक्या, एक प्लास्टिकची पिशवी अडकलेली होती. नातवाच्या डोक्याच्याही वर. "हे पक्ष्याचं घरटं नाही. मागच्या हिवाळ्यात नदी इथपर्यंत होती."

पोरगं कितीतरी वेळ वर बघत उभं राहिलं. आमच्या सगळ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या पिशवीने केलं.

मग तासभर आम्ही फक्त पाणी बघितलं. मुलांनो, बघायचं म्हणजे काय ते सांगतो. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि जोरात असतं, आतल्या अंगाला उथळ आणि संथ. लहानांनी आतल्या अंगाला बसावं. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं फिरतं, तिथे मासा विसावा घेतो. मासा बहुतेक प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून आमिष वरच्या अंगाला टाकून खाली वाहू द्यायचं. एक वाळलं पान पाण्यात सोडा आणि त्याच्याबरोबर काठाने चाला. तुम्हाला पळावं लागलं तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही. काठ आतून पोखरलेला असतो, म्हणून टोकाशी उभं राहण्याआधी काठीने ठोकून बघा. शेवाळलेला दगड म्हणजे साबण. आणि वर विजेच्या तारा आहेत का ते बघा. हल्लीचे लांब गळ कार्बनचे असतात, तारेला लागले तर वीज थेट अंगात येते.

आता माशांबद्दल. आपल्या वाडवडिलांची गोष्ट मोठ्यांना ठाऊक आहेच, मुलांसाठी पुन्हा सांगतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांची लेकरं कोकणात तेल गाळत शनिवार तेली म्हणून राहिली. पुस्तकं बुडाली होती. पुष्कळ पिढ्यांनी दावीद राहाबी नावाचे विद्वान आले. ही माणसं खरोखर यहुदी आहेत का हे बघायला त्यांनी बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले ठेवले, बाकीचे बाजूला काढले. असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. म्हणजे आपली ओळख एका मासळीच्या टोपलीत टिकली, आणि ती टिकवली स्वयंपाकघरातल्या बायकांनी.

यार्देनमध्ये ही परीक्षा आजही द्यावी लागते. तिथे बिनीत नावाचा मासा आहे, त्याला मिशा असतात. कार्पलाही मिशा असतात. आणि स्फाम्नून नावाचा मासा आहे, त्यालाही मिशा. तो आपल्या मांगूराचा भाऊ. मिशा बघून काही ठरत नाही! बिनीत आणि कार्प खवल्यांचे, म्हणून कोशेर. स्फाम्नून गुळगुळीत, अंगावर एक खवला नाही, म्हणून आपल्या ताटात नाही. अम्नून, ज्याला मुश्त म्हणतात, तो खवल्यांचा आणि चवीला उत्तम. त्याचं आपलं हिरव्या वाटणाचं कालवण केलं तर नातवंडं भात मागून घेतात, हा आमचा अनुभव. स्फाम्नून गळाला लागला तर त्याला छळू नका. ओल्या हाताने, पण कल्ल्यांमागच्या काट्यांपासून बोटं जपून, मोठ्या माणसाकडून सोडवून घ्या आणि पाण्यात जाऊ द्या. खायचा नाही म्हणून मारायचा, असं कुठेही लिहिलेलं नाही. लहान मासाही परत सोडावा.

आता सिस्टरांची पिशवी. एवढी वर्षं नोकरी केल्यावर ती उघडल्याशिवाय राहवत नाही.

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो बोटात रुतला तर ओढू नका, मांस फाटतं. दोरा कापा, गळ आहे तसा राहू द्या, वर स्वच्छ फडकं बांधा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा. डोळ्याजवळ लागला तर अजिबात हात लावायचा नाही, वर कागदी पेला उपडा धरायचा आणि १०१ ला फोन. काठावर दोघांनी गळ टाकताना एकमेकांत निदान दोन गळांचं अंतर ठेवावं.

दुसरं, लेप्टो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत या तापाने किती माणसं गेली ते तिकडच्या नातेवाईकांकडून आपण ऐकलं आहे. इथेही ऑगस्ट २०१८ मध्ये गोलानच्या ओढ्यांत उतरलेल्या लोकांना तो झाला आणि काही ओढे बंद करावे लागले. उंदीर, गुरं, रानडुक्कर यांचं मूत्र पाण्यात मिसळतं, आणि जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून जंतू आत जातात. म्हणून पायाला कापलेलं असेल तर पाण्यात नाही, नदीचं पाणी तोंडात नाही, घरी आल्यावर साबणाने आंघोळ. बहुतेक एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभराने, थंडी-ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी नदीवर गेलो होतो." हे वाक्य आजारी माणूस हमखास विसरतो. वेळेवर औषध मिळालं तर हा ताप बरा होतो.

तिसरं, काठावर गुलाबी फुलांची झुडपं दिसतील. इथे तिला हर्दूफ म्हणतात, ती आपली कण्हेर. विषारी. तिच्या फांदीवर मासा भाजायचा नाही, काडी तोंडात धरायची नाही.

चौथं, किनेरेत समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून जास्त खाली आहे. तिथलं ऊन अश्दोदच्या वाऱ्यात बसणाऱ्याला कळत नाही. टोपी, आणि तहान लागायच्या आधी पाणी.

पाचवं, आणि सगळ्यात आधी वाचावं असं. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. पडलात तर गळ सोडून द्या, उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, तिरके तिरके काठाकडे सरका. दुसरा पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. काठी द्या, दोरी द्या, ओरडा. त्या कातकरी बाईने शाळा पाहिली नव्हती, पण पुढे आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं.

परत येताना गाडीत नातू वहीत लिहीत होता. त्याचे प्रश्न आम्ही जसेच्या तसे देत आहोत. मूळ हिब्रूत आहेत, मराठी आमची.

पाणी कुठून येतं? ते कधी वाढतं, आणि कोणाला आधी कळतं? मागच्या हिवाळ्यात ते किती वर आलं होतं? इथे कशाला बंदी आहे? पडलो तर कुठून बाहेर येऊ? इथे रोज बसणारा माणूस कोण, आणि त्याचं नाव काय?

शेवटचा प्रश्न आम्ही त्याला सांगितला नव्हता. त्या म्हाताऱ्या सबांचं नाव त्याने विचारून वहीत लिहून ठेवलं होतं.

येत्या आठवड्यात ते खरोखर गळ घेऊन जाणार आहेत. मक्याचे दाणे आणि कणकेच्या गोळ्या आमिषाला. आम्ही काठावर खुर्चीत बसणार, हाताशी एक लांब काठी. मासा मिळाला तर पुढच्या अंकात कालवणाची कृती, नाही मिळाला तर नुसतंच वाटण! तुमच्या लहानपणच्या नदीचं किंवा खाडीचं पंचांग आठवत असेल तर लिहून पाठवा. नागोठणं, पेण, अलिबाग, चौल, कुठलंही चालेल. आपण गेलो की ते सांगणारं कोणी उरणार नाही.

हाशेम सर्वांना सुखरूप ठेवो.

आपली,
सिस्टर आजी